चिठ्ठी लिहून झाल्यावर



निवासी डॉक्टरांसाठीची ही परिषद पुण्यात भरते आहे. पुनर्वसनाचं काम या शहराला नवं नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज खडकीत आहे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून उभं आहे. मणक्याला इजा झालेले जवान खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहतात, काम करतात, खेळतात. तरुण डॉक्टरांनी शिकायला यावं असं हे गाव आहे, आणि हे मी पुणेकर म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून सांगते आहे.

आपल्या विषयातलं मोठं काम डॉक्टरने एकट्याने क्वचितच केलेलं आहे. जयपूर फूटचंच पाहा. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. आपला माणूस अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबराचा पाय घडवला, तो या सगळ्यासाठी. सांधा कुठे, किती वळतो हे सेठींना ठाऊक होतं. साचा कसा करायचा, रबर कसं वळवायचं हे शर्मांच्या हातात होतं. एक सर्जन वर्कशॉपमध्ये जाऊन कारागिराशेजारी उभा राहिला, म्हणून तो पाय झाला.

आज आपला निवासी डॉक्टर, म्हणजे रेसिडेंट, वर्कशॉपमध्ये किती वेळ उभा असतो? ओपीडीत तो चिठ्ठी लिहितो: ‘व्हीलचेअर द्यावी’, ‘कॅलिपर द्यावा’. चिठ्ठी लिहून झाली की त्याचं शिक्षण तिथे संपतं. पुढचा रुग्ण आत येतो.

खुर्चीचंच सांगते. मणक्याला इजा झालेल्या माणसाला अनेकदा बुडाखाली काही जाणवत नाही. तो खुर्चीत बसला की डॉक्टरने आपली बोटं त्याच्या बसायच्या हाडाखाली सरकवून पाहायची. बोटं चेमटली, हलेनाशी झाली, तर तिथे दाब जास्त आहे, गादी बदलायला हवी. या तपासणीला यंत्र लागत नाही, मिनिटभरही पुरतं. ती न केल्याने होणारा बेडसोअर मात्र माणसाला महिनोन् महिने पालथं झोपवून ठेवतो. मग बैठकीची रुंदी, गुडघ्यामागे सोडायची दोन बोटं जागा, पायटेकणाची उंची. बारीक अंगाच्या मुलीला मोठ्या माणसाची खुर्ची दिली तर ती एका बाजूला कलून बसते आणि हळूहळू पाठीचा कणा तसाच वळायला लागू शकतो. हे पुस्तकातही आहे, पण बोटांना कळल्याशिवाय ते लक्षात राहत नाही.

हा प्रश्न फक्त आमच्या एम.डी.च्या विद्यार्थ्यांचा नाही. फिजिकल मेडिसिनचे, म्हणजे पुनर्वसनाचे, विभाग मोजक्याच कॉलेजांत आहेत. रात्री दोन वाजता मधुमेहाने काळा पडलेला पाय कापताना टेबलाशी सर्जरीचा रेसिडेंट उभा असतो. गुडघा वाचला तर पुढे चालण्याचे श्रम खूपच कमी पडतात. स्टंपची, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाची, लांबी आणि आकार चांगला राहिला तर सॉकेट, म्हणजे त्यावर बसणारी कृत्रिम पायाची खोबण, नीट बसतं. त्या रेसिडेंटने एकदा तरी सॉकेट बनताना पाहिलं असेल तर त्या रात्री तो जखमेपलीकडचाही विचार करील. म्हणून या परिषदेला सर्जरी, ऑर्थो, मेडिसिन आणि बालरोग विभागांच्या रेसिडेंटांनाही आम्ही आग्रहाने बोलावलं आहे.

आकडे पुढच्या सत्रांत येतीलच. एवढंच सांगते: जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटी माणसांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत एखादं तरी साहाय्यक साधन लागतं. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. वाटपाची शिबिरंही होतात, व्हावीतच. पण स्टंप पहिल्या काही महिन्यांत बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, आणि पाहणारं कुणी नसेल तर तो पाय माळ्यावर जातो. खुर्ची उत्तम, पण न्हाणीघराचं दार तिच्याहून अरुंद, हे घरी गेल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती मी हट्टाने मांडते. प्रत्येक रेसिडेंटच्या लॉगबुकात अशा एका तरी साधनाची नोंद असावी, जे त्याने स्वतः लिहून दिलं, त्याच्यासमोर बनलं, आणि जे सहा महिन्यांनी त्याने रुग्णाच्या घरी जाऊन पाहिलं. थिसिससाठी आपण रुग्णांचा पाठपुरावा करतोच. तोच उंबरठ्यापर्यंत न्यायचा आहे. ती नोंद परीक्षकांनी वाचावी आणि तिच्यावर प्रश्न विचारावेत.

उद्या सकाळच्या सत्रात शिकवणारे सगळे व्हीलचेअर आणि कृत्रिम अवयव वापरणारे आहेत. रेसिडेंटांनी त्यांच्याकडून फिटिंगची तपासणी शिकायची आहे, आणि उत्तीर्ण कोण हेही तेच ठरवतील. मागच्या दालनात प्लास्टर, साचे आणि दुरुस्तीची हत्यारं मांडली आहेत. हात माखायला लाजू नका. आपल्या पिशवीत कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन ठेवलं आहे, ते परतीच्या प्रवासात जरूर वाचा.

मंचावर यायला उजवीकडून उतार केला आहे. आमच्या स्वयंसेवकांनी स्वतः खुर्चीत बसून तो तपासला आहे. तरी कुठे अडलं तर लगेच सांगा, दोन दिवसांत सुधारता येईल ते आम्ही सुधारू.

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं स्वागत करते, आणि अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत अशी त्यांना विनंती करते.