उघड्या दाराच्या आत



अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ साली हायस्कुलाच्या आश्रयाने, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर एक कॉलेज निघाले. तिकडच्या कम्युनिटी कॉलेजांची परंपरा तेथून सांगतात. येथे बहुधा गुणांची चाळणी नसते. चाळिशीतला सुतारही अर्ज करू शकतो. पण अर्ज मंजूर झाला म्हणजे वर्गात जागा मिळाली, असे मात्र नव्हे! प्रत्येक विषयाची नोंदणी निराळी, आणि फी मुदतीत न भरल्यास नाव कमी होण्याची धास्ती. म्हणून आम्ही म्हणतो, आधी सल्लागाराला गाठावे. पुढे विद्यापीठात जायचे असेल, तर कोणते विषय तेथे धरले जातील, हे त्याला पहिल्याच दिवशी विचारावे. नाहीतर दोन वर्षे रात्री जागून केलेल्या अभ्यासातला काही भाग तिकडे जमेसच धरीत नाहीत.