चुन्यातले वैभव



छत्रपती संभाजीनगर येथील ‘बीबी का मकबरा’ पाहून परतणारा प्रवासी बहुधा एवढेच म्हणतो, की ही ताजमहालाची स्वस्त नक्कल आहे. ताजची छाप उघड आहे. परंतु या निकालात दख्खनचा कारागीर विसरला जातो.

औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू १६५७ साली निवर्तली. तिच्या कबरीवर ही वास्तू उभी राहिली. चौरस खंडांत विभागलेली बाग, मधून जाणारा पाण्याचा पाट, उंच चौथरा, कमानी आणि चार मिनार हा आराखडा इराणी-मोगल परंपरेचा. संगमरवर मात्र भिंतींच्या तळपट्ट्यास व घुमटास. मधल्या भागात इथलाच काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. वेलबुट्टी, फुले, कमानींची नक्षी हे सारे त्या चुन्यात उमटले आहे. लेखात वास्तुकार अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन्ही नावे आढळतात, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

हे वैभव नाजूक आहे. चुना भिंतीतील ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून धरते. गावोगावच्या जुन्या दर्ग्यांच्या, मठांच्या आणि मंदिरांच्या डागडुजीत सद्‌हेतूनेच सिमेंट थापले जाते आणि काही पावसाळ्यांत मूळ गिलावा त्यासह सुटून येतो. अंदाजपत्रक करतानाच चुन्याच्या घाणीची आणि चुना मुरण्यास लागणाऱ्या दिवसांची तरतूद करावी लागते.