मिस्त्रींच्या पोत्यातली हत्यारं



साहित्याच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरानं मोटारदुरुस्तीवर बोलायचं, हे मंडळानं चालवून घेतलं, त्याबद्दल आधी आभार मानतो. माझ्या दवाखान्यात टेबलाखाली एक गोणपाटाचं पोतं आहे. त्यात ३१ हत्यारं आहेत. त्यांतलं एकही दुकानात मिळायचं नाही. आमच्या गाडीचे मिस्त्री होते, त्यांनी ती गरज पडेल तशी स्वतःच्या हातांनी केलेली आहेत. आज त्या पोत्याविषयी बोलायचं आहे.

हत्यार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तलवार येत असेल. कारागिराच्या मराठीत हत्यार म्हणजे कामाची वस्तू, पान्यापासून कानशीपर्यंत सगळी. आमच्या जैन घरात आईला तो शब्द खपत नसे. ती 'मिस्त्रींचं सामान' म्हणायची. खंडेनवमीला मिस्त्री ते सगळं सामान धुऊन-पुसून पोत्यावर मांडत, हळदकुंकू, झेंडू वाहत. विकतचे चकचकीत पाने मागच्या रांगेत आणि घरी केलेली काळी, वेडीवाकडी हत्यारं पुढे. हा क्रम मी लहानपणापासून बघत आलो. त्याचा अर्थ विचारावा असं मात्र कधी सुचलं नाही.

गाडी मॉरिस मायनर. वडिलांनी १९६८ साली जुनीच घेतली होती. इंग्लंडमध्ये हे मॉडेल १९४८ ते १९७१ एवढा काळ निघत होतं. कंपन्या आपल्या अधिकृत वर्कशॉपांसाठी खास हत्यारं काढत असत, पण शहापूरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत ती कशाला पोहोचतात? तिथं एक शेगडा, एक भाता, एक वेल्डिंगचा संच आणि मिस्त्रींचं डोकं, एवढाच कारभार.

एक हत्यार जरा सविस्तर सांगतो. मॉरिसच्या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्ह दाबायला एक रॉकर, तराजूच्या दांडीसारखा. त्याच्या एका टोकाला बारीक स्क्रू आणि तो स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ०.०१२ इंच फट लागते, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर इंजिन शिवणयंत्रासारखं टिकटिकतं. ही फट लावायला एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात पाना आणि फटीत फिलरची पट्टी. म्हणजे हात तीन हवेत. शिवाय नट आवळताना तो स्क्रूलाही सोबत ओढतो आणि लावलेली फट जाते. आवळा, मोजा, सैल करा, पुन्हा लावा. आठ व्हॉल्व्हना अर्धा दिवस.

मिस्त्रींनी नळीचा तुकडा लालभडक केला, तो नटावर ठोकून त्याला आतून षटकोनी आकार दिला आणि वर आडवी दांडी जोडली. नळीच्या पोकळीतून लांब स्क्रूड्रायव्हर घातला. आता एकाच हाताच्या पंजात दांडी आणि बोटांत स्क्रूड्रायव्हर. स्क्रू धरून ठेवायचा आणि नट आवळायचा. दुसरा हात फिलरला मोकळा. कुठला व्हॉल्व्ह कधी लावायचा, याचं त्यांचं गणित तोंडपाठ होतं. पहिला पूर्ण दबला की आठवा लावायचा, तिसरा दबला की सहावा. बेरीज नऊ आली पाहिजे. इंग्रजी पुस्तकांतही हा नऊचा नियम आहे. मिस्त्री मराठी चौथी शिकलेले. त्यांना तो कुणी सांगितला होता की त्यांचा त्यांनी काढला, ते मला आता कधीच कळणार नाही.

कुणी म्हणेल, हे तर जुगाड. त्या शब्दाचा मला राग आहे. जुगाड म्हणजे आजची वेळ मारून नेणं. नळीचं हे हत्यार पंचवीस वर्षं रोज वापरात होतं.

अडचणीचं मूळ आट्यांमध्येही आहे. इंग्रज जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं एक माप सुचवलं, ५५ अंशांच्या कोनाचं. अमेरिकेनं पुढे ६० अंशांचं घेतलं. १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडानं मिळून एक समान माप ठरवलं. पण जुन्या गाड्या त्याआधीच रस्त्यावर होत्या. व्हिटवर्थच्या पान्यावर ३/८ लिहिलेलं असतं ते बोल्टच्या जाडीचं माप. जबडा प्रत्यक्षात १८ मिलिमीटरचा. तुम्ही आकडा वाचून पाना उचललात तर फसलात. अर्ध्या इंची नटाला १३चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करून ठेवतो. मॉरिस कंपनीनं १९२३ साली कव्हेंट्रीचा एक इंजिन कारखाना विकत घेतला. तो मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. ती बदलणं परवडेना, म्हणून कंपनीनं आटे फ्रेंच ठेवले आणि नटाचं डोकं इंग्रजी पान्याला बसेल असं केलं. आत एक भाषा, बाहेर दुसरी. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

मिस्त्रींच्या शेडमध्ये मॉरिस, तिच्याच घराण्यातली अँबॅसडर आणि कुर्ल्यात बनणारी मेट्रिक मापाची फियाट, तिन्ही येत. म्हणून पोत्यात तिन्ही घराण्यांची हत्यारं मिसळलेली आहेत.

क्लच प्लेट मधोमध धरायचा शिसवी दांडा आहे. उद्यमबागेतल्या लेथवर कातून आणलेला. एक पाना इंग्रजी एस अक्षरासारखा वाकवलेला आहे. मॉरिसचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायांखाली, चासीच्या पोकळीत बसवलेला असतो आणि त्याच्या बोल्टांच्या वाटेत टॉर्शन बार आडवा येतो. ज्यानं हे आखलं त्याला कधी स्वतः जमिनीवर पाठ टेकून ते खोलावं लागलं नसणार. या पान्याला वाकवून पाणी कसं दिलं ते मी स्वतः पाहिलं आहे. लाल करून तेलात विझवला, मग घासून पांढरा केला आणि पुन्हा मंद तापवत बसले. गव्हाळ रंग चढून तो तांबूस-जांभळ्याकडे झुकला तसा बाजूला काढला. "नुसता विझवला तर काचेगत फुटतोय, डॉक्टर," एवढंच बोलले.

आणि एक माझा स्टेथोस्कोप. त्याची रबरी नळी चिरली म्हणून मी टाकून देणार होतो. त्यांनी मागून नेला, छातीवर टेकवायची चकती काढली आणि तिथं बारीक सळई बसवली. सळईचं टोक इंजिनावर जागोजागी टेकवून ते डोळे मिटून ऐकत. डायनामोचं बेअरिंग गेलंय की पाण्याच्या पंपाचं, ते सांगत. आम्हाला कॉलेजात रोग्याचं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका, असं शिकवलं होतं. ते पाळणारा माणूस मला शेडमध्ये भेटला.

मिस्त्री गेले. चिरंजीव बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यांनी शेड रिकामी केली. त्यांना मी दोष देत नाही, भाड्याची जागा होती. मला कळेपर्यंत सामान भंगारवाल्याकडे गेलं होतं. विकतचे पाने कुणीतरी लगेच उचलले होते. घरी केलेली हत्यारं तेवढी पडून होती, कारण ती कशाची हे कुणाला कळेना. मी ती लोखंडाच्या भावानं, वजनावर घेतली. परिग्रहाचं परिमाण ठरवून राहणाऱ्या माणसानं हे पोतं घरी आणलं, यावर सौभाग्यवतींनी जे ऐकवलं ते इथं सांगत नाही.

खरी बोच निराळीच आहे. मी एका रोग्याची हकीकत तीन-तीन पानं लिहितो. झोप कशी, तहान किती, स्वप्नं कोणती. मिस्त्रींच्या शेडमध्ये मी किती रविवार काढले असतील! ते बोलत होते, मी चहा पीत होतो. एक ओळ लिहून ठेवली नाही.

३१ पैकी २२ हत्यारांचा उपयोग मला माहीत आहे. त्या प्रत्येकाला मी चिठ्ठी बांधली आहे. नाव, कुठल्या गाडीचं, कशासाठी, कसं धरायचं. नऊ राहिली आहेत. त्यांतलं एक बरोबर आणलं आहे. वीतभर पोलादी पट्टी, टोकाला बोराएवढं भोक, भोकाच्या कडेला एक दात आणि मागे छिन्नीनं पाडलेल्या तीन खुणा. मूठ अंगठ्याच्या आकारात झिजलेली आहे, म्हणजे खूप वापरलेलं. मॉरिसच्या सगळ्या नटांना लावून पाहिलं, कुठंच बसत नाही. तुमच्या घरी, शेजारी, कुणी जुन्या अँबॅसडरवर किंवा फियाटवर हात काळे केलेले असतील तर त्यांना घेऊन या. दवाखाना संध्याकाळी सहा ते नऊ उघडा असतो. पोतं टेबलाखालीच आहे आणि कोऱ्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या आहेत.