दिलेला शब्द



मी सातवी शिकलेली बाई. चूकभूल पोटात घाला. ‘बिग बॉस मराठी’ २०१८ साली सुरू झाले. तो कार्यक्रम लागला की आपल्या भाकरी तव्यावर करपतात! पहिल्याच वर्षी मेघा धाडे, सई लोकूर आणि पुष्कर जोग या तिघांचा गट आपण पाहिला. शेवटी मेघा पहिली, पुष्कर दुसरा. पहिला नंबर एकच, मग आणाभाका टिकायच्या कशा? घराबाहेर घालवायला सोबत्यांचीच नावे द्यायची, हा तिथला नियम. म्हणजे शब्द मोडील त्याचाच फायदा.

आपल्या गावात उलटे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी एकमेकांच्या शब्दावरच पाळली. एकीने चोरून शेळी सोडली तर सगळ्यांचेच गवत जाते.

त्या स्पर्धकांना मी फार बोल लावीत नाही. “खेळ आहे, उद्याचे सांगत नाही,” एवढे त्यांनी आधी म्हणावे. पण “कशी हुशार निघाली!” म्हणून कौतुक आपण करतो, आणि शेजारी पोरी बसलेल्या असतात. परवा माझ्या धाकटीने मैत्रिणीला वही देते म्हणून दिली नाही. विचारले तर म्हणते, “आई, मी गेम खेळले!” तशीच तिला वही घेऊन त्या घरी पाठविली.