नाही म्हणायचं, पण भांडायचं नाही

आम्ही कन्नड तालुक्यातल्या पिशोरहून, बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

आज आधी आमचीच एक चूक सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईनं वीस हजारांचं कर्ज मागितलं. पैसे तिला नको होते, दिराला मोटारसायकलसाठी हवे होते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी बैठकीत कोणी विचारलं नाही. ती मान खाली घालून बसली, आम्ही सह्या केल्या. पुढं हप्ते तिनंच फेडले, दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून. गाडी मात्र दारात दिराची उभी.

वर्षभरानं दीर पुन्हा म्हणाला, "वहिनी, गटातून तेवढे काढून द्या." ती रात्री आमच्याकडं आली आणि रडली. म्हणाली, "नाही म्हटलं तर घरात भांडण, हो म्हटलं तर माझं मरण."

मैत्रिणींनो, आपल्याला दोनच वाटा माहीत असतात. एक, गप्प बसून सोसायचं. दुसरी, फार झालं की एकदम भडकायचं. भडकलो की लोक म्हणतात, "बाई तोंडाळ आहे," आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. पण मधली एक वाट आहे. आवाज न चढवता, समोरच्याचा मान ठेवून आपलं म्हणणं ठामपणे सांगायचं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायांची गोष्ट ऐका. चेतना सिन्हा यांच्यासोबत त्यांनी बायांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं आधी परवानगी नाकारली, कारण सभासद बाया निरक्षर होत्या. त्या रडत बसल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकायला लागल्या आणि पुन्हा साहेबांपुढं गेल्या. म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांनी आपल्याला काय येतं ते सांगितलं आणि काय हवं ते मागितलं.

आम्ही त्या ताईसोबत बसून तीन गोष्टी ठरवल्या. काय घडलं ते सांगायचं. त्याचा आपल्याला काय त्रास झाला ते सांगायचं. आता काय हवं ते सांगायचं. मागची उणीदुणी काढायची नाहीत, "तुम्ही नेहमीच असं करता" म्हणायचं नाही. आमच्यातली एक दीर झाली आणि तिनं चार वेळा बोलून पाहिलं. पहिल्या वेळी शब्दच फुटेना.

मग एका संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, नवरा आणि सासू समोर असताना ती बोलली, "भाऊजी, मागचं कर्ज माझ्या नावावर होतं, हप्ते मी मजुरीतून भरले. लेकीची फी राहिली. या वेळी मी सही करणार नाही. तुमच्या कामासाठी बँकेत अर्ज करायचा असेल तर कागद गोळा करायला मदत करीन."

दीर पंधरा दिवस बोलला नाही. सासूनंही तोंड फिरवलं. ते दिवस तिला जड गेले, हे लपवत नाही. पण तिनं सही केली नाही. त्यानंतर आम्हीही गटात नियम केला: कर्ज मंजूर करण्याआधी पैसे कशासाठी आणि फेडणार कोण, हे ती बाई स्वतः सांगेल.

कामावरही हीच रीत. कापसाचं वजन सगळ्यांचं एकत्र धरलं, तर कुरकुरत घरी जाऊ नका. मालकाला सांगा, "दादा, आज सगळ्यांचा कापूस एकत्र मोजला. कोणाचा किती ते कळलं नाही. उद्यापासून प्रत्येकीचं वजन काट्यावर दाखवा आणि वहीत लिहा." चौघींनी मिळून सांगा. एकटीचा आवाज दबतो, चौघींचा ऐकावा लागतो.

गावातही बोला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा आपल्या राज्यात कायदा आहे. तिथं नुसती सही करून उठू नका. नळाचं, रस्त्याचं, अंगणवाडीचं जे असेल ते मांडा आणि ठरावात लिहून घ्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. जिथं मारहाण होते, जिवाला भीती आहे, तिथं नुसत्या गोड आणि ठाम शब्दांवर विसंबू नका. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, तातडीला ११२ लावा. गटातल्या मैत्रिणीलाही सांगा. त्यात लाज तुमची नाही.

या आठवड्याचं काम सांगतो. मनात अडकलेली एकच लहान गोष्ट निवडा. तीन वाक्यांत बसवा. आधी मैत्रिणीसमोर बोला, मग ज्याला सांगायचं त्याला सांगा. काय झालं ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना ऐकवा. जमलं नाही तरी सांगा, आम्हालाही पहिल्या वेळी जमलं नव्हतं.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.