गच्चीने शिकवलेला हिशेब

(रौप्यमहोत्सवी समारंभात माजी खजिनदारांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी गोड बोलायचं असतं. पण खजिनदार असताना माझ्या हातून झालेली चूक आज सांगतो. पुढच्या कमिटीला उपयोगी पडेल.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली, तेव्हा तळमजल्यावर राहणारा मी म्हणालो, "ज्याचं त्याने बघावं." आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या नळ-संडासाची गळती सभासदाची, पण गच्चीतून वरच्या मजल्यावर उतरणारी गळती सोसायटीची. हे मी नंतर वाचलं. तोवर काकूंनी दोन पावसाळे पलंगाजवळ परात मांडून काढले.

मग तीन कोटेशनं आली. मी सगळ्यात स्वस्त होतं ते पास करून घेतलं. त्या ठेकेदाराने जुन्या कोब्यावरच लेप मारला. आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात गच्ची तव्यासारखी तापते आणि पहिल्या सरीने एकदम थंड होते. लेपाला भेगा पडल्या. जुलैत परात पुन्हा पलंगाजवळ.

पुढच्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळाने जिन्यावरचे पत्रे उडवले. मला वाटलं, विमा आहे, त्यातच गच्चीही करून घेऊ! सर्व्हेअर आले, पत्र्यांचे पैसे मंजूर झाले. गच्चीबद्दल ते म्हणाले, "ही वादळाची हानी नाही, वयाची झीज आहे." मला राग आला. रात्री पॉलिसी काढून वाचली, तर तसंच लिहिलेलं. घरांसाठी 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीतही वादळ, पूर, वीज, भूकंप आहेत, झीज नाही. म्हणून विमा नको, असं मात्र नाही. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट मराठवाडा कसा विसरेल? विमा अपघातासाठी असतो, म्हातारपणासाठी साठवावं लागतं.

आणि साठवलं कुठे होतं? "मी सिंकिंग फंड वाढू दिला नाही," असं मी दर सभेत अभिमानाने सांगायचो. उपविधी म्हणतात, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के दरवर्षी. बांधकाम खर्च 4 लाख धरला तर वर्षाला 1,000 रुपये, महिन्याला 84 सुद्धा नाहीत. 16 फ्लॅटचे 25 वर्षांत व्याज सोडून 4 लाख झाले असते.

दुसऱ्या वेळी आधी इंजिनिअरकडून पाणी कुठून शिरतं ते शोधून घेतलं. मग तिन्ही ठेकेदारांना एकाच कामाची यादी दिली, म्हणजे दरांची तुलना खरी झाली. उतार किती ठेवणार, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई कशी करणार, पाइपाच्या तोंडाशी काय करणार, हे विचारलं. प्रत्येकाचं पाच वर्षांपूर्वीचं काम भर पावसात जाऊन पाहिलं. एकजण स्वतःहून म्हणाला, "साहेब, थरावर थर नको, स्लॅबवर वजन वाढतं. जुना कोबा काढू." तो स्वस्त नव्हता, पण काम त्यालाच दिलं. पैसे टप्प्याटप्प्याने दिले. गच्चीवर पाणी साठवून 48 तास पाहिलं, तरी शेवटचा हप्ता एक पावसाळा निघाल्यावरच दिला.

वर्गणी काढावी लागली. खालच्या मजल्यावरचे कुरकुरले, त्यांच्यात मीही एकेकाळी होतोच. निवृत्त सभासदांना हप्ते करून दिले. पहिला चेक कुणाचा आला? काकूंचा.

नव्या कमिटीला तीनच विनंत्या. दर मे महिन्यात गच्चीचे फोटो काढून फाइलला लावा. वादळात काही पडलं, उडालं तर विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत मोडतोड उचलू नका. आणि फंड वाढवायचा ठराव आला की हात वर करा.

त्या पावसाळ्यानंतर काकू जिन्यात भेटल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "भाऊ, परात आता कणकेला मोकळी झाली हो."