कर्करोग्याची वेदना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनाच्या आनंदात मी कर्करोगाचा विषय काढावा, हे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु आपल्या यवतमाळकडे खर्र्याची पुडी नसलेला खिसा शोधावा लागतो, आणि तोंडाचा कर्करोग आपल्याही उंबरठ्याच्या आत आला आहे. तो टाळावा कसा, हे पुष्कळांनी सांगितले आहे. बरे होण्याची आशा सरल्यावर वेदनेचे काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

माझ्या थोरल्या काकू अखेरचे तीन महिने घरीच होत्या. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यावी, असे डॉक्टरांनी बजावले होते. आम्ही मात्र 'अफूचे औषध, सवय लागेल' म्हणून त्या कण्हू लागल्याखेरीज गोळी काढीत नसू. काकूही पाहुणा आला की पदर तोंडात धरून गप्प राहत. सोसणे हा बायकांचा गुण, असे आम्हीच त्यांना शिकविले होते ना!

साध्या मॉर्फिनचा अंमल सुमारे चार तास राहतो. तो ओसरण्यापूर्वी पुढली मात्रा पोटात गेली तर वेदना डोके वर काढीत नाही. एकदा उसळली म्हणजे तीच मात्रा तोकडी पडते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली जो क्रम घालून दिला (आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग सौम्य अफूजन्य, अखेर मॉर्फिन), त्यात औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे द्यावे असे सांगितले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. मळमळ व गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही; रेचक पहिल्या दिवसापासून हवे. गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने या औषधाभोवती परवान्यांचे रान माजले. २०१४ च्या दुरुस्तीने ते पुष्कळ विरळ झाले, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ते सहसा मिळत नाही. मुंबईस टाटा रुग्णालय आहे, वांद्र्यास १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे. पण खाटेला खिळलेल्या माणसाला तेथवर नेणार कोण? तेव्हा येथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात प्रथम विचारावे, आणि लाजू नये.

अखेरच्या पंधरवड्यात चुलतभावाने उशाशी गजराचे घड्याळ ठेवले. त्या दिवसांत काकू उठून बसत, आणि एका सकाळी त्यांनी नातीची वेणी घातली.